सरकवलेली सीट

त्याचा पाय क्लचपर्यंत पोचला नाही. झालं ते एवढंच. सकाळी घाईघाईनं तो गाडीत बसला, कवळ्यांचा डबा शेजारच्या सीटवर ठेवला, किल्ली फिरवली आणि डावा पाय रोजच्या जागी टाकला, तर तिथं काहीच नव्हतं. जिना संपल्यावरही आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा, तसं झालं. त्यानं पुढे सरकून पाहिलं, मागे रेलून पाहिलं. सीट चांगली वीतभर मागे गेली होती. आरशात पाहिलं तर मागचा रस्ता नाही. मागच्या काचेचा वरचा काठ आणि थोडंसं आभाळ. हा आरसा कुणीतरी स्वतःसाठी लावून घेतला होता, आणि त्या कुणाचे तरी डोळे त्याच्या डोळ्यांपेक्षा बरेच वर होते.

इतका उंच माणूस त्याच्या माहितीत एकच होता, आणि तोही त्याच्या ओळखीचा नव्हता, बायकोच्या ओळखीचा होता. कॉलेजात असल्यापासून ती त्याला उंट म्हणायची. उंटाला त्याचं काहीच वाटत नसे. उलट फोन केला की तो "उंट बोलतोय" म्हणूनच सुरुवात करायचा, आणि ही इकडे खुदकन हसायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं नवऱ्याला कधी टोपणनाव दिलं नव्हतं. तिच्यासाठी तो 'अहो' नव्हता, आणि कुठल्या प्राण्याचं नाव द्यावं इतकाही काही विशेष नव्हता. तो नुसता 'अरे' होता. 'अरे, दूध आण.' 'अरे, पंखा बंद कर.' कधीकधी त्याला वाटायचं, आपण मांजर किंवा अस्वल असतो तरी बरं झालं असतं. पण असं काही बायकोकडे मागता येत नाही. ते आपण होऊन मिळावं लागतं.

सीट पुढे घ्यायला काय लागत होतं? खालचा दांडा ओढायचा आणि कंबरेनं एक हिसका द्यायचा. त्यानं तो दिला नाही. जशी आहे तशी राहू दे, असं त्याच्या मनानं घेतलं. मग सीटच्या अगदी कडेला टेकून, नको त्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा अंग चोरून बसून, त्यानं गाडी भिंतीपासून बाहेर काढली. तेव्हा पुढून काहीतरी घासल्याचा आवाज आला म्हणून तो उतरला. भिंतीकडची बाजू त्यानं अजून पाहिलीच नव्हती. पुढचा दिवा फुटला होता, त्याखालचा पत्रा आत गेला होता, आणि बंपरचं एक टोक सुटून जमिनीला टेकलं होतं. त्यानं वर आपल्या खिडकीकडे पाहिलं. न्हाणीघराचा दिवा चालू होता. वर जाऊन दार ठोठावलं असतं तर तिनं सगळं सांगितलं असतं. पण सांगून झालं की प्रश्न मिटतो, आणि प्रश्न मिटावा अशी घाई त्याला मुळीच नव्हती. त्यानं सुतळी काढून बंपर बांधला आणि निघाला.

काल रात्री ती सांगणार होती, हे आता त्याच्या ध्यानात आलं. तो त्याच्या दातांच्या लॅबमधून पायीच घरी आला होता. कवळ्या पोचवायच्या नसतील त्या दिवशी तो गाडी नेतच नसे, म्हणून गाडी दिवसभर खालीच असायची. ती उशिरानं आली. जेवण झाल्यावर बाल्कनीचं दार लोटून घेऊन ती फोनवर बोलत होती. शब्द कळत नव्हते. खालच्या पट्टीतला, दाबलेला, चढउतार असलेला आवाज. मधेच 'नवरा' हा शब्द तेवढा त्याच्या कानावर आला, आणि पलीकडे कोण आहे हे त्याला सांगावं लागलं नाही. आपण घरात बसलेलो असताना आपल्याला 'नवरा' म्हणून कुणापुढे तरी मांडलं जातंय, हे त्याच्या मनात कुसळासारखं रुतलं. ती आत आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "अरे, झोपलास का? थोडं बोलायचं होतं." त्यानं श्वास लांब केला. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला करता येत नाही. ती पलंगाच्या कडेला जराशी बसून राहिली, तिचा हात त्याच्या खांद्यापर्यंत आला असावा, निदान तसं त्याला वाटलं, आणि मग दिवा गेला.

सिग्नलला थांबल्यावर त्यानं मनाशी हिशेब मांडायला सुरुवात केली. हे पहिल्यांदा झालं असेल कशावरून? एकदा आरसा थोडा हललेला होता, तेव्हा ती म्हणाली होती, "पुसताना हलला असेल." तिला गाडी पुसायची हौस कधीपासून आली? एकदा रेडिओ लावला तर भलतंच स्टेशन लागलं होतं. एकदा खालच्या खणात पेपरमिंटचा कागद सापडला होता. ती पेपरमिंट खात नाही. मग हे नेहमीचंच असणार. तो लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासत बसायचा आणि खाली गाडी निघायची. प्रत्येक वेळी, तो यायच्या आत, ती खाली जाऊन सीट पुढे घेत असणार. बरोबर त्याच्या जागी, त्याच्या खाचेत. काल तेवढं राहून गेलं. हे मनात आलं तेव्हा त्याला गाडी गेल्यापेक्षा त्या सीटचंच जास्त लागलं. नवऱ्याच्या पायांची लांबी इतकी नेमकी लक्षात ठेवायची, आणि ती कशासाठी, तर त्याला पत्ता लागू नये म्हणून!

आणि गाडी चालवायला तिला शिकवलं होतं कुणी? उंटानंच. कॉलेजात असताना, त्याच्या वडिलांच्या जुनाट गाडीवर, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात. ती अजूनही गिअर तळहातानं ढकलते, मुठीत धरत नाही. ही उंटाची पद्धत. नवऱ्यानं एकदोनदा सुधारायचा प्रयत्न केला, तेव्हा म्हणाली, "अरे, हाताला बसलीय ती सवय." हाताला बसलेली! शेजारच्या सीटवर बसून तो ती सवय बघत आला होता, बाजारात जाताना, डॉक्टरकडे जाताना, तिच्या आईला आणायला जाताना. त्याच्या पैशांची गाडी, आणि गिअर टाकताना हात उंटाचा.

लॅब छापखान्यामागच्या दोन खोल्यांत होती. दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत, आणि इथं प्लास्टरचे साचे, मेणाचे दात आणि मग खरे म्हणजे खोटे दात तयार होत. साचे ओतायला मामा होते. ते कुणाचे सख्खे मामा होते कुणास ठाऊक; आल्यागेल्या सगळ्यांचे होते. कोपऱ्यात पोर्सिलेनचे दात भाजायची भट्टी होती. ती म्हातारी झाली होती, ताप धरत नव्हती, मधूनच एखाद्या दाताची चांगली जमलेली कॅप तिच्यात तडकायची. नवी भट्टी घ्यायची म्हणून तो आणि बायको बरेच दिवस पैसे बाजूला टाकत होते. सुट्टीला कुठं गेले नाहीत, पडदे बदलले नाहीत. भट्टी आली की तो मोठी कामं घेऊ शकणार होता. भट्टी आली की, हे त्यांच्या घरातलं एक वाक्यच झालं होतं. तिनं ते अर्धं म्हणायचं आणि त्यानं पुरं करायचं.

याच खोलीत, खिडकीच्या उजेडात, उंट एकदा तोंड उघडून बसला होता. घटस्फोट होऊन तो या शहरात आईकडे परतला, त्याला फार दिवस झाले नव्हते. गाडी त्याच्या आधीच्या बायकोकडे गेली होती, घर गेलं होतं, आणि त्यात भर म्हणून जिन्यावरून पडून पुढचा दात तुटला होता. ही त्याला घेऊन आली. "त्याला तुझ्याच हातचा दात हवाय," ती नवऱ्याला म्हणाली. एरवी लॅबमध्ये माणसं येत नाहीत, पण पुढच्या दाताचा रंग दिवसाच्या उजेडात, समोर बसवून जुळवलेला बरा. तो रंगांची पट्टी उंटाच्या ओठाशी धरत होता, आणि ती बाजूला उभी राहून सांगत होती. "हा पिवळा वाटतो. हा फार पांढरा, जाहिरातीतला. थांब, आधीचा परत दाखव. हा. हाच." किती वेळ ती त्या तोंडाकडे बघत होती! त्या क्षणी त्याच्या मनात आलं होतं, एक छटा काळपट करावी. कुणाला कळणार नाही, पण हसला की काहीतरी चुकल्यासारखं दिसेल. रात्रभर त्यानं तो विचार चघळला. पण मेण हातात आलं आणि हातानं मनाचं ऐकलं नाही. कडेला किंचित धुरकट, मध्ये दुधी, टोकाला निळसर झाक, अशी कॅप झाली की मामांनी ती तळहातावर घेऊन उन्हात फिरवली आणि म्हणाले, "हा तर खऱ्याच्याही वर गेला की." तेव्हापासून उंट हसला की तो दात आधी दिसायचा. आपणच घडवलेल्या दातानं दुसरा माणूस आपल्या बायकोशी हसतो, यापेक्षा वाईट काही कारागिराच्या वाट्याला येत असेल असं त्याला वाटत नव्हतं.

डबा दोन दवाखान्यांत पोचवून तो कामाला बसला आणि फोन वाजला. बायको.

"अरे, गाडी घेऊन गेलास? मी आंघोळीला गेले होते. रात्रीच सांगायचं होतं, पण तू झोपलास."

"सांग आता."

"काल उंटाला दिली होती गाडी. त्याच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, टॅक्सी मिळेना. तिला घरी सोडून परत येताना वळणावर एक बाई स्कूटरवरून आली आणि... मनगट मोडलंय रे तिचं. शिवणकाम करते ती. उजवंच मनगट."

"तू होतीस गाडीत?"

"मी कशाला असेन? मला त्यानं हॉस्पिटलमधून फोन केला तेव्हा गेले."

"सहज विचारलं."

"त्या बाईचं नाही विचारलंस."

"बरी आहे ना ती?"

"आत्ता सांगितलं ना मनगट मोडलंय म्हणून! बरं, ऐक. विम्याचा माणूस दुपारी तुझ्याकडे येईल. त्याला काय सांगायचं ते—"

"नंतर बोलतो. इथं पेशंट बसलाय."

त्यानं फोन बंद केला. एक उंट सोडला तर लॅबमध्ये पेशंट कधी बसत नाहीत. तिथं फक्त त्यांचे दात येतात. हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. फोन पुन्हा वाजला. त्यानं तो मेणाच्या पट्ट्यांच्या खणात टाकला आणि खण लोटला. आतून तो घरघरत राहिला. 'काय सांगायचं ते'! म्हणजे आता काय बोलायचं हेही वरून ठरवून येणार होतं. उंटाला कसं वाचवायचं, कुठला शब्द गाळायचा, हे ती त्याला पढवणार, आणि त्यानं पोपटासारखं म्हणून दाखवायचं. खण घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला.

"उचल की रे," मामा प्लास्टर ढवळत म्हणाले. "सावकाराचा आहे का?"

"घरचा आहे."

"मग तर उचलच. सावकार निदान व्याजावर थांबतो."

तो हसला नाही. मामांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि प्लास्टर ओतायला घेतलं. दुपारभर तो खण मधूनमधून वाजत होता. एका दाढेचा चावा जुळेना. खालची बसवली की वरची उंच लागे, वरची घासली की खालची. त्याला गाडी घेतली तो दिवस आठवला. विमा एजंटनं स्वस्तातली पॉलिसी काढून दिली होती, तीत चालवणारे म्हणून नावं दोनच, त्याचं आणि तिचं. एजंट गमत्या माणूस होता. किल्ल्या हातात देताना म्हणाला होता, "एक लक्षात ठेवा. गाडी आणि टूथब्रश कुणाला उसना द्यायचा नाही. ज्याचा स्वतःचा विमा आहे त्याचं एक वेळ निभतं. पण ज्याचा विमाच नाही, असा माणूस तुमच्या गाडीत बसला की आपटणार तो आणि टेंगूळ तुम्हाला." दातांच्या माणसापुढे टूथब्रशचा विनोद केल्यावर ती किती हसली होती! घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्या तोंडात होतं. म्हणजे तिला माहीत होतं. आधीच्या बायकोबरोबर उंटाची गाडी गेली आणि गाडीबरोबर विमाही गेला, हेही तिला माहीत होतं. एवढं सगळं माहीत असून तिनं किल्ली दिली. टूथब्रशसुद्धा दिला असता, असं त्याच्या मनात आलं, आणि आल्यावर त्याला स्वतःचीच शिसारी आली. पण विचार काही गेला नाही.

विम्याचा माणूस आला तो बारीक, नम्र, झिजलेल्या चपलांचा. हे लोक पैसे द्यायला वेळ लावतात, चौकशीला लावत नाहीत. त्याची वरची कवळी सैल होती. बोलताना 'स' आला की ती टकटक वाजायची आणि तो ओठानं तिला जागेवर दाबायचा. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यानं ती तिथंच काढून घेऊन नीट बसवून दिली असती.

"साहेब, तुमचा फार वेळ घेत नाही," तो माणूस म्हणाला. "तुमच्या पॉलिसीत चालवणारे दोनच आहेत. तिसऱ्यानं चालवली. त्याचा स्वतःचा विमा नाही. आता सगळं एका गोष्टीवर आलंय. मालकाला पत्ता नसताना गाडी गेली असेल, तर त्या जखमी बाईंचं कंपनी बघते, आणि मागाहून चालवणाऱ्याकडून वसूल करते. तुमच्या अंगाला काही लागत नाही, पॉलिसीही राहते. पण मालकानं जाणूनबुजून दिली असेल, तर कंपनी हात काढून घेते. सगळं मालकाच्या गळ्यात. म्हणून एवढंच विचारायचं. गाडी दिली हे तुम्हाला माहीत होतं?"

किती सोपं होतं! नव्हतं, एवढं म्हणायचं. तेच खरंही होतं. एका शब्दात भट्टी वाचत होती, गाडी वाचत होती, आणि उंट पुढची कितीतरी वर्षं कंपनीचे हप्ते फेडत वाकणार होता. उंटाची मान खाली येईल! हे चित्र त्याला इतकं गोड लागलं की तो शब्द जिभेच्या टोकावर आलाही. पण तो बाहेर पडायच्या आत त्यानं समोरच्या माणसाचा चेहरा पाहिला. तो थांबला होता, पेन धरून, अगदी सौजन्यानं. आणि त्याला दिसलं की हा माणूस संध्याकाळी घरी जाईल, चपला काढेल, बायकोला सांगेल: आज एक जण भेटला, त्याची बायको गाडी कुणाला देते याचा त्याला पत्ताच नाही, बिचारा. आणि ती बाईही म्हणेल, बिचारा. मामा इकडे पाठ करून उभे होते, पण त्यांचं ढवळणं थांबलं होतं. मामाही म्हणतील. मला माहीत नव्हतं, हे वाक्य गाडीबद्दल राहणार नाही. ते एकदा बोललं की सगळ्या घराबद्दल होईल. बाल्कनीबद्दल होईल, दाबलेल्या आवाजाबद्दल होईल, लग्नाआधीच्या त्या मोकळ्या मैदानाबद्दल होईल.

"माहीत होतं," तो म्हणाला. "मीच दिली. किल्ली मीच हातात दिली."

पेन कागदावर टेकलं नाही. "साहेब, बाई सकाळी फोनवर वेगळं बोलल्या."

"काय बोलल्या?"

"त्या म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, मी परस्पर दिली. त्या गृहस्थांनीही तेच सांगितलंय. भरून द्यायला तयार आहेत ते."

तेच! त्याच्या कानात तेवढाच शब्द राहिला. दोघांनी तेच सांगितलं होतं. दोघांचं बोलणं झालं होतं, एकमत झालं होतं, आणि त्या एकमताच्या बाहेर, दाराशी, तो उभा होता, नवरा म्हणून. त्यात आपला फायदा आहे हे त्याला कळत होतं. आगीत हात घातला की भाजतं हेही माणसाला कळतं.

"बघा हं," विम्याचा माणूस हळूच म्हणाला, आणि कवळी टकटकली. "माझं काम लिहून घ्यायचं. पण वयानं मोठा म्हणून सांगतो. दोन जबाब जुळले नाहीत तर कंपनी सरळ हात वर करते. पॉलिसी रद्द होते, पुढे दुसरं कुणी लवकर विमा देत नाही. त्या शिवणाऱ्या बाईही लटकतात. मी पुन्हा विचारतो. तुम्हाला माहीत होतं?"

"सांगितलं ना, मीच दिली."

त्यानं सही केली. त्याची सही नेहमीपेक्षा मोठी आली. माणूस गेल्यावर मामा भांडं धुऊन आले आणि हात पुसत म्हणाले, "काल दिवसभर तू इथं माझ्यासमोर होतास. किल्ली कधी दिलीस?" त्यानं ती दाढ पुन्हा घासायला घेतली. मामांनी आणखी विचारलं नाही. नुसतं भट्टीच्या दारावर एकदा बोटानं टिचकी मारून पाहिली, आणि तिचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी तो गाडी घेऊन घरी निघाला. विमा नसलेली गाडी. अजूनही सीटच्या कडेलाच बसून. पाठ ठणकत होती, तरी त्यानं सीट पुढे घेतली नाही. रस्त्यावरचा प्रत्येक स्कूटरवाला त्याला आपल्यावरच येतोय असं वाटत होतं. भट्टी आली की, हे वाक्य मध्येच आठवलं आणि त्याला ते पुरं करवेना. पण त्याच्याखाली, अगदी तळाशी, एक खुनशी समाधानही होतं. आता ती चिडेल. तिला आपल्याकडे बघावं लागेल. आता जे काही घडेल ते आपल्या दोघांत घडेल, त्यात तिसऱ्याला जागा नसेल.

ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. पुढ्यात सालींचा ढीग पडला होता. दोन माणसांना एवढे मटार कशाला, असं त्याला वाटलं. तिनं वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"त्याचा फोन आला होता," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"विम्यावाल्याचा. अरे, असं का सांगितलंस तू?"

तो खुर्ची ओढून बसला.

"दुपारभर फोन करत होते मी तुला. एवढंच सांगायचं होतं, की खरं ते सांग, बाकी उंट बघेल. काल किती भांडले मी त्याच्याशी. हॉस्पिटलच्या जिन्यात भांडले, रात्री बाल्कनीतून भांडले. तो म्हणत होता, निम्मं निम्मं करू, एवढं मला एकट्याला झेपणार नाही. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला यात ओढायचं नाही. त्याची भट्टी यायचीय. गाडी तू आपटलीस, तूच भर. असं तोडून मी त्याला आयुष्यात कधी बोलले नव्हते." तिनं एक शेंग हातात घेतली आणि तशीच ठेवली. "माझीच चूक होती. त्याची आई रडवेली झाली होती, दिली मी किल्ली. विमा आठवला तोवर तो गेला होता."

दाबलेला आवाज. चढउतार. 'नवरा.' काल रात्री भिंतीकडे तोंड करून त्यानं जे ऐकलं होतं, ते हे होतं. ती त्याच्या बाजूनं भांडत होती, आणि तो श्वास लांब करत होता. किती वर्षं तो याच एका गोष्टीची वाट बघत होता! की कधीतरी तिला दोघांतला एक निवडावा लागेल आणि ती त्याला निवडेल. तिनं निवडलं होतं. काल संध्याकाळीच, जिन्यात उभं राहून, त्याला न सांगता.

"आणि तू जाऊन त्याच्यासाठी खोटं बोललास," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "त्याला सांगितलं मी आत्ता. तो रडला रे फोनवर. म्हणाला, एवढं माझ्या भावानं केलं नसतं. मला तर वाटायचं, तुला तो डोळ्यांसमोर नको असतो. दात केलास तेव्हाही असंच. तोंडानं काही बोलला नाहीस, आणि इतका सुरेख दात करून दिलास." तिनं ओला, हिरवट वास येणारा हात त्याच्या हातावर ठेवला. "आता सगळं आपल्यालाच भरायला लागणार. भट्टी गेली. त्या बाईला तर उद्याच काहीतरी द्यायला हवं, तिचं मशीन बंद पडलंय. गाढव आहेस तू, माहितीय? शुद्ध गाढव." आणि ती हसली, डोळ्यांत पाणी असताना. "माझं गाढव."

इतक्या वर्षांनी त्याला नाव मिळालं होतं. मांजर नव्हे, अस्वल नव्हे, पण मिळालं होतं. आणि असं, हातावर हात ठेवून. गप्प बसायचं होतं फक्त. भट्टीचं पुढे बघता आलं असतं, दोघं मिळून पोटाला चिमटा काढून पुन्हा पैसे टाकता आले असते. ती आयुष्यभर लोकांना सांगत राहिली असती, आमचं हे गाढव एकदा माझ्या मित्रासाठी... त्याला हे सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. पण दात तुटला की जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते, कितीही ठरवलं तरी.

"दर वेळी सीट पुढे तूच घ्यायचीस का?" त्यानं विचारलं.

"कुठली सीट?"

"गाडीची. तो चालवून गेल्यावर. मी यायच्या आत."

"दर वेळी म्हणजे? अरे, काल पहिल्यांदाच तर त्यानं—"

ती थांबली. तिचा हात अजून त्याच्या हातावरच होता, पण त्यातलं वजन गेलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट मागे सरकत गेलेली त्याला दिसली: दुपारचा खणातला फोन, नसलेला पेशंट, तू होतीस का गाडीत.

"काल रात्री तू झोपला नव्हतास," ती म्हणाली.

त्यानं मोकळ्या हातानं ढिगातलं एक साल उचललं.

"म्हणजे हे तू त्याच्यासाठी केलं नाहीस."

तिनं हात काढून घेतला आणि शेंग सोलायला घेतली. दाणे भांड्यात पडत राहिले. तो तिच्याजवळ बसून वाट बघत राहिला, निदान रागानं तरी ती पुन्हा एकदा गाढव म्हणेल म्हणून. तिनं म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं, मान वर न करता, ती म्हणाली, "अरे, दिवा लाव."